लेइमाराचा डावा हात

नारळ खवताना लेइमाराच्या डाव्या हातातून वाटी निसटली आणि राखेत पडली. तिच्या लेकीने, लेइपाऊने, वाटी उचलली, धुतली आणि आईला बाजूला सरकायची खूण करून स्वतःच खवणीवर बसली. आदल्या आठवड्यात बादली अशीच निसटली होती. त्याच्याही आधी कपडे पिळताना मनगटापासून कोपरापर्यंत अशी कळ गेली होती, की लेइमारा बराच वेळ समुद्राकडे तोंड करून उभी राहिली होती. डोळे कोणाला दिसू नयेत म्हणून.

दुखणं कशाने आलं हे तिला ठाऊक होतं. पेले या त्यांच्या छोट्या बेटावर रोज पहाटे, आंब्याच्या झाडाला टांगलेलं जुनं गॅसचं नळकांडं कोणीतरी घंटेसारखं बडवतं. लोक ख्रिस्ती देवळात जमतात, लेइमारा गिटारीवर एक गीत वाजवते, प्रार्थना होते आणि मग जो तो आपल्या मळ्याची वाट धरतो. ते गीत हा तिचा नेम होता. नवरा, कालसाऊ, आजारी पडला तेव्हा तिने देवाला शब्द दिला होता. त्याला बरं कर असं मागायचा तिला धीर झाला नाही, कारण आजार केवढा आहे ते व्हिला शहरातल्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तिने एवढंच मागितलं, की त्याला वेदना नकोत. त्या बदल्यात त्याचीच गिटार तुझ्या घरी रोज पहाटे वाजवीन. कालसाऊ गेला तो झोपेत गेला. कपाळावर एक आठी नव्हती. देवाने आपला शब्द पाळला, आता आपली पाळी, इतकं साधं तिचं मन होतं. तापात वाजवलं, पावसात वाजवलं, वादळाने देवळाचे पत्रे उडाले तेव्हा उघड्या आभाळाखाली वाजवलं.

लेइपाऊने हट्ट करून तिला होडीत बसवलं आणि पलीकडच्या न्गुना बेटावरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सने कोपराजवळ अंगठ्याने दाबलं तशी लेइमारा जागची उठलीच. तारा दाबून दाबून आतले बंध सुजलेत, नर्स म्हणाली. मळ्यातली कोनफळं काढणीला येईपर्यंत हाताला पूर्ण विश्रांती, नाहीतर मूठ कायमची सैल पडेल. मग मळा विसरा आणि गिटारही विसरा. लेइमाराने अगदी नम्रपणे विचारलं, की दिवसाकाठी एकच गीत चालेल का. नर्सने विचारलं, किती कडव्यांचं. पाच, लेइमारा म्हणाली.

"मग नाही चालणार, मावशी," नर्स म्हणाली.

होडीतून परत येताना लेइमारा प्रार्थनाच करत होती. नेम मोडायचा कसा? आणि हात गेला तरी नेम मोडलाच की. दोन्हीकडून तेच.

गावाने मात्र दुखण्याचा वेगळाच अर्थ लावला. पडली नाही, कापलं नाही, तरी हात दुखतो, म्हणजे कोणाचं तरी मन हिच्यावर रागावलेलं आहे. देवळातले वडीलधारे काल्मेत संध्याकाळी ओसरीवर येऊन बसले, हवापाण्याचं बोलले आणि मग हळूच विचारते झाले, की कोणाचं मन दुखावलं आहे का. नाव सगळ्यांनाच माहीत होतं. लेइसोंगी, कालसाऊची थोरली बहीण, तिची नणंद.

कालसाऊला पुरल्यावर त्याच्या रक्ताची माणसं रिवाजाप्रमाणे त्याच्या वस्तू न्यायला आली होती. कोणी सुरा नेला, कोणी कंदील नेला. लेइसोंगीने फक्त गिटार मागितली. तेव्हा लेइमारा म्हणाली, की ती मी देवाला देऊन बसले आहे. खोटं नव्हतं ते. पण म्हणताना तिच्या मनाला आतून एक बारीकसं बरं वाटलं होतं, आणि ते बरं वाटणं तिने प्रार्थनेतसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. लेइसोंगी रिकाम्या हाताने परत गेली आणि तेव्हापासून शेजारच्या गावातल्या देवळात जाऊ लागली.

काल्मेतनी दोघींना समेटासाठी गावाच्या सभाघरात बोलावलं. लेइमाराने नणंदेसमोर नवी विणलेली चटई आणि दोन मोठी कोनफळं ठेवली. लेइसोंगीने चटई उचलून खांद्यावर घेतली. दोघींनी हात हातात घेतले, दोघी रडल्या, बघणाऱ्या बायकाही रडल्या. मग काल्मेत प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, की आता वाजव, मुली.

लेइमाराने वाजवायला घेतलं. दुसऱ्या ओळीला कळ अशी उठली, की तोंड वाकडं झालं आणि बोटं तारांवरून सुटली.

लोकांनी लेइमाराकडे बघितलं नाही, लेइसोंगीकडे बघितलं.

काल्मेत मऊ आवाजात म्हणाले, "बाई, मनाच्या तळाशी काही उरलं असेल तर आत्ताच बोलून टाक."

"उरलं होतं. चटई घेतली तिथे संपलं," लेइसोंगी म्हणाली. "माझा राग होता, मी नाही म्हणत नाही. पण मी तो हिच्या हातात नव्हता घातला."

मागून कोणीतरी पुटपुटलं, की राग काही कोणी घालत नसतं, तो आपला आपण जातो. लेइसोंगीने मान फिरवून बघितलं. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. हे असंच राहिलं तर उद्या गावात कोणाचं पोर तापलं तरी बोट लेइसोंगीकडे जाईल, हे लेइमाराला कळलं. ज्या लेइमाराने मीठ उसनं घेतलं तरी चिमूटभर जास्तच परत केलं, ती बाई त्या क्षणी भर सभाघरात खोटं बोलली. गारठ्याने बोटं आखडली होती, म्हणाली. गिटार पुन्हा मांडीवर घेतली, पाचही कडवी वाजवली, आणि हसून म्हणाली, की गेली कळ.

लोकांच्या जिवात जीव आला. पानात भाजलेला कंदाचा लापलाप उघडला गेला, वाफ दरवळली, आणि एका म्हातारीने आनंदाने, रिवाजाप्रमाणे, दोघींच्या केसांत सुगंधी पावडर ओतली. लेइमाराने सगळं उजव्या हाताने खाल्लं. डावा हात तिने मांडीखाली दाबून धरला होता.

दुसऱ्या पहाटे लेइसोंगी देवळात आली आणि सगळ्यात पुढे बसली. गीत झालं, प्रार्थना झाली, लोक पांगले. ती जागची हलली नाही.

"इकडे ये," ती म्हणाली. लेइमारा गेली तशी लेइसोंगीने पालथा हात तिच्या कपाळाला लावला. "गार घाम आहे हा. पाच भावंडांची दुखणी मी काढलीत, मला नको शिकवू. काल खोटं का बोललीस?"

"वन्सं, आपण देवळात आहोत."

"म्हणून तर इथे विचारते आहे."

"लोक तुमच्याकडे बघत होते," लेइमारा म्हणाली.

लेइसोंगीने गिटार ओढून घेतली आणि नव्या होडीचा सांगाडा सरळ आहे का बघावं तशी एक डोळा मिटून दांड्यावरून नजर टाकली.

"वहिनी, ही गिटार आहे का कपडे वाळत घालायची दोरी? तारा बघ किती वर उचलल्यात. दमट हवेने पोट फुगतं हिचं. दर पावसाळा सरला की तुझा नवरा घोडीवरची, तारा टेकतात ती पांढरी पट्टी काढून दगडावर घासायचा. दगड धरून मी बसायची. तुला सांगितलं नव्हतं त्याने?"

नाही, लेइमारा म्हणाली. तो असेतोवर गिटार तिच्या हातात कुठे आली होती? ती शिकली ती सगळी त्याच्यामागून, ऐकून ऐकून.

"मग मला विचारायचंस."

"बोलत कुठे होतो आपण?"

लेइसोंगी नाकातून हसली. "म्हणजे म्हातारा काल्मेत अगदीच काही चुकीचं बोलत नव्हता," ती म्हणाली.

दोघी किनाऱ्यावर गेल्या. लेइसोंगीने तारा सैल केल्या, पट्टी काढली आणि पोवळ्याच्या खडबडीत दगडावर घासायला बसली. दोन हात मारायची, डोळ्यासमोर धरायची, पुन्हा घासायची. लेइमारा शेजारी बसून बघत होती. बघता बघता तिने ते मनातलं सांगून टाकलं, की त्या दिवशी देवाचं नाव घेतलं तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं. देवाकडून काही कोणी मागून नेत नाही.

"ते मला तेव्हाच कळलं होतं," लेइसोंगी घासणं न थांबवता म्हणाली. "राग त्याचाच होता. गिटारीचं एवढं काय."

तारा पुन्हा चढल्या. लेइमाराने दाबून बघितलं. बोट हलकेच टेकवलं तरी सूर उमटत होता. इतकी वर्षं ती उगाच तारांशी झगडत होती, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले. पण हाताची आग काही एवढ्याने विझणार नव्हती. नर्सने विश्रांती सांगितली होती ती सांगितलीच होती, आणि लेइसोंगीने तिच्या हातातून गिटार काढून घेतली.

नेमाचं काय, लेइमाराने विचारलं. लेइसोंगीला तीन कॉर्ड येत होते, पण ताल म्हणून नव्हता. कालसाऊसुद्धा चिडून तिच्याकडून गिटार हिसकावून घेत असे. तिने वाजवलं असतं तर सगळं देऊळ गाता गाता अडखळलं असतं. तिने लेइमाराचा उजवा हात उलटासुलटा करून पाहिला.

"याला काय झालंय? हा तर धडधाकट आहे."

म्हणून दुसऱ्या पहाटे दोघी एका बाकावर खेटून बसल्या. गिटार दोघींच्या मांड्यांवर आडवी. डावीकडून लेइसोंगीने तारा दाबल्या, उजवीकडून लेइमाराने छेडल्या. पोरं फिसकन हसली, पाळक खोकले. लेइसोंगीचं बोट दर वेळी जरा उशिराच जागेवर पोचायचं, आणि तोवर सगळी मंडळी शेवटचं अक्षर लांबवत तिची वाट बघायची. त्या दिवशी लोक मळ्यात उशिरा पोचले. लेइमाराने मनातल्या मनात देवाला विचारलं, की हे तुला चालतं का. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, तेच तिने उत्तर मानलं.

गिटार लेइसोंगीच्या घरी राहू लागली. लेइमारा दिवसभर डावा हात फडक्यात बांधून ठेवी. नारळ लेइपाऊ खवी, कोणी आपणहून कपडे पिळून देई. गावात कोणी म्हणालं चटईने गुण आला, कोणी म्हणालं विश्रांतीने. खोटं बोलल्याचं तिने पाळकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तिच्या हाताची विचारपूस केली.

कोनफळं निघाली तेव्हा नर्सने पुन्हा कोपर दाबून बघितलं. या वेळी लेइमारा जागची उठली नाही. थोडं थोडं वाजवायला हरकत नाही, नर्स म्हणाली.

पहाटे नळकांडं वाजलं. लेइसोंगी गिटार घेऊन आली, बाकावर बसली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, हात कसा आहे. बरा झाला म्हणतात, लेइमारा म्हणाली. ते ऐकून लेइसोंगीने गिटार उचलून तिच्या मांडीवर ठेवली आणि उठून मागच्या बाकाकडे निघाली.

लेइमाराने तिचं मनगट धरलं. डाव्याच हाताने, आणि चांगलं घट्ट.

"बसा, वन्सं. सूर तुम्हीच धरा," ती म्हणाली. "मला आता तुमच्यासाठी थांबायची सवय झाली आहे."

लेइसोंगी बसली. तिने पहिला कॉर्ड शोधायला घेतला. मंडळी थांबून राहिली.