समजून-उमजून

चांदसाहेबानं शेळीची मान दोन्ही हातांत धरली आणि अंजनाक्कानं तिच्या जबड्यात औषधाची नळी सारली. शेळीनं मागचे पाय झाडले. लालसर औषध चांदसाहेबाच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर उडालं.

"नीट धर की रं. सुटली तर दिसभर गावायची न्हाई," अंजनाक्का म्हणाली.

त्यानं पकड आवळली. बाहीकडं पाहिलंसुद्धा नाही. एकामागून एक पाच शेळ्या झाल्या. अंजनाक्काचा धाकटा भाऊ कृष्णात दारातल्या लिंबाखाली पाठीमागं हात बांधून उभा होता. पलटणीतून हवालदार म्हणून परत येऊन त्याला बारा वर्षं झाली होती, पण उभं राहणं अजून तसंच होतं. कवठे महांकाळहून दहिवडीजवळच्या या वस्तीवर यायला त्यांना अडीच तास लागले होते आणि आल्यापासून मूळ कामाचा शब्द निघाला नव्हता. तो काढायचा नाही, असं चांदसाहेबानंच त्याला गाडीत बजावलं होतं. आधी घरचं बोलायचं, पाऊसपाणी बोलायचं. कागद शेवटी, निघता निघता.

चांदसाहेब मुलाणी वीस वर्षं जमिनीच्या खरेदी-विक्रीची एजंटगिरी करत होता. त्याचा बाप गावचा मुलाणी, त्यामुळं कुणाचा बांध कुठं सरकला, कुणाच्या विहिरीत कुणाची पाळी किती दिवसांची, हे त्याला लहानपणापासून तोंडपाठ. पण त्याचं खरं भांडवल वेगळंच होतं. बाप वारला की उताऱ्यावर पोरांबरोबर पोरींचीही नावं लागतात, आणि जमीन विकायची म्हटली की त्या लेकींच्या सह्या लागतात. भाऊ सही मागायला गेला की बहिणीच्या घरातली माणसं सावध होतात. चांद गेला की होत नसत. गावची लेक कुठंही दिलेली असो, चांद दारात दिसला की तिला माहेरचं माणूस आल्यागत वाटे. ती चहा टाकी, चारजणांची खुशाली विचारी, आणि तो उठता उठता पिशवीतून कागद काढी. शेवटचं पान वर, पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या. "हितं, हितं आन् हितं." आज घरी सही झाली की पुढच्या आठवड्यात रजिस्टर कचेरीत बाईचं मन बदलत नाही, हा त्याचा अनुभव होता. आजवर एकही सही चुकली नव्हती.

कृष्णातचं शेत नव्या महामार्गाला लागून होतं. सांगलीच्या एका व्यापाऱ्याला तिथं गोदाम बांधायचं होतं. उताऱ्यावर नावं दोनच, कृष्णातचं आणि अंजनाचं.

हातपाय धुऊन अंजनाक्कानं चुलीवर चहा ठेवला. नवरा आणि मुलगा मुंबईला. घरात ती एकटीच होती. साठी गाठलेली, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी.

"लय वाळलायस, चांद," कपबशी पुढं करत ती म्हणाली. "साखर झालीया का काय?"

"न्हाई, अक्का. बरा हाय."

"आन् जन्नत कशी हाय? दोन वर्सं झाली, गाठ न्हाई. मिरजंलाच हाय न्हवं?"

कृष्णातनं चांदसाहेबाकडं बघितलं आणि मान खाली घातली.

जन्नतबी ही चांदसाहेबाची थोरली बहीण. अंजना आणि ती एका वयाच्या, एका गल्लीतल्या. चांदसाहेबानं चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला.

"गेली," तो म्हणाला.

"कुठं गेली?"

"वारली, अक्का. बावीस दिवस झालं."

अंजनाक्काचा हात चुलीपुढं तसाच राहिला. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि ती आवाज करून रडू लागली. "आन् मला कुणी कळिवलं न्हाई... एक फोन केला न्हाई कुणी... एकाच ताटात जेवलेल्या रं आमी..." चांदसाहेब तिच्याकडं बघत राहिला. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि ओठ असूनही आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. मिरजेच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हापासूनच. मातीला तो गेला, तीन मुठी माती दिली, लोकांनी गळाभेट घेतली ती घेतली. तिसऱ्या दिवशीची जियारत उरकली आणि चौथ्या दिवशी त्यानं ऑफिसचं शटर उघडून एका मास्तरला प्लॉट दाखवला. बोलायला लागे तिथं बोलत होता, हसायला लागे तिथं हसत होता. रडू येईल म्हणून त्यानं दोन-चार दिवस वाट पाहिली. मग तेही विसरून गेला.

"काय झालतं तिला?"

"किडनीचं."

"तुजी भेट झालती का?"

"आदल्या दिवशी. वळखलं न्हाई तिनं."

अंजनाक्का उठली, तोंडावर पाणी मारून आली आणि भावाकडं वळली.

"तुमी कामाला आलाय. उगं चहाला अडीच तास कोण येत न्हाई. काय हाय ते काढा भाईर."

कृष्णात घुटमळला. "आक्का, रस्त्याकडंच्या शेताचं गिऱ्हाइक आलंय. एक सही पायजे तुजी. साधाच कागद हाय. चांदभाऊकडं हाय बघ."

"आण," ती म्हणाली.

चांदसाहेबानं पिशवीतून कागद काढला. फुल्या मारलेल्या होत्या. अंजनाक्कानं हात पदराला पुसला, पेन घेतलं, पाट पुढं ओढला. सहा पानं होती. शेवटचं पान वर आणायचं एवढंच त्याचं काम होतं, हजारदा केलेलं. त्यानं कागद हातात घेतला आणि पहिलंच पान वर राहिलं.

त्याला अकरा वर्षांपूर्वीची रजिस्टर कचेरी आठवली. अब्बा गेल्यानंतर स्टँडासमोरच्या मोक्याच्या जागेवर त्याचं आणि जन्नतचं नाव लागलं होतं. त्या जागेवर त्याला गाळे बांधायचे होते. "कसला कागद हाय, चांद?" तिनं विचारलं होतं. "अब्बांचं नाव कमी करायचा," तो म्हणाला होता. पुन्हा तिनं विचारलं नाही. एकेक अक्षर जुळवत तिनं सगळीकडं सही केली. रजिस्ट्रारनं नेहमीचा प्रश्न केला, समजून सही केली का बाई? ती म्हणाली, व्हय. मग त्यानं तिला मिरजेच्या गाडीत बसवून दिलं आणि खिडकीतून भज्यांचा पुडा दिला. आज त्याचं ऑफिस त्याच गाळ्यांमधल्या पहिल्या गाळ्यात होतं.

"कुठं करू?" अंजनाक्कानं विचारलं.

चांदसाहेबानं खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"हक्कसोडपत्र," तो वाचू लागला. "लिहून घेणार, श्री. कृष्णात यशवंत सावंत. लिहून देणार, सौ. अंजना संपत..."

"चांदभाऊ," कृष्णात म्हणाला.

"...सदर मिळकतीमध्ये लिहून देणार यांचा निम्मा अविभक्त हिस्सा आहे..." तो थांबला. "म्हंजी निम्मं रान तुमचं हाय, अक्का. आज हाय."

"आवं चांदभाऊ, काय लावलंय हे?"

चांदसाहेबाचा आवाज चढला नाही की उतरला नाही. पंचायतीत नोटीस वाचावी तसा तो वाचत होता. चतुःसीमा वाचल्या, पूर्वेला कोण, पश्चिमेला ओढा. एक वाक्य कागदातलं वाचायचं, मग तेच घरच्या बोलीत सांगायचं. "'सदर मिळकतीवरील माझा कायमचा हक्क व हितसंबंध मी कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने सोडून देत आहे.' म्हंजी काय न घेता सोडायचं. पुन्हा मागता येत न्हाई. तुमाला न्हाई, तुमच्या पोरालाबी न्हाई." शेवटच्या पानावर आला. "'हा लेख मी वाचून, समजून-उमजून लिहून दिला आहे.' हितं सही."

त्यानं कागद पाटावर ठेवला. बाहेर एक शेळी खाकरत होती.

अंजनाक्कानं पेन उचललं नाही. ती त्याच्याकडं बघत राहिली, रागानं नव्हे, जरा कंटाळल्यासारखी.

"हे कशाला केलंस रं, बाबा?"

"तुमाला ठावं असावं म्हणून."

"ठावं न्हाई व्हय मला? हक्कसोड म्हणत्यात त्याला, हक्क सोडायचा. ते काय विंग्रजीत हाय? या वस्तीवरच्या समद्या बायका करून आल्यात. भाऊ म्हणतो, सही कर. आपण इचारायचं, कसला कागद हाय. तो म्हणतो, साधाच हाय. एकदा इचारायचं, दुसऱ्यांदा न्हाई. त्याला वाटतं, हिला कळलं न्हाई. वाटू द्यायचं. म्हंजी दिवाळीला गेल्यावर त्योबी वर बघून बोलतो आन् आपुनबी बोलतो." तिनं पेनाचं टोपण बसवलं. "आज मी करणार हुते सही. तू निस्ता कागद पुढं केला असतास तर झाली असती. आता तू वाचून दाखिवलंस. आता कशी करू?"

चांदसाहेबानं पाटावरची सहा पानं जुळवून पिशवीत घातली.

"आक्का," कृष्णात म्हणाला, "मी काय तुला वाऱ्यावर सोडणार हाय का?"

"न्हाई सोडणार. मी कुठं म्हणलं?" ती भावाकडं वळली. तिचा आवाज आता मऊ झाला होता. "रान इक. माझं काय म्हणणं न्हाई. पर माझं नाव काढून नगं, ठिऊन इक. खरेदीच्या दिशी मी येती. तुज्या शेजारच्या खुर्चीवर बसून सही करती, मालकीण म्हणून. येवढंच."

कृष्णातनं टोपी डोक्यावर बसवली आणि तो गाडीकडं चालू लागला.

अंजनाक्का दारापर्यंत आली. चांदसाहेब चप्पल घालत होता.

"जन्नतची पोरगी कुठं असती?" तिनं विचारलं.

"मिरजंलाच. आईच्याच घरात. शिवणकाम करती."

"तिचा नंबर दे मला."

त्यानं मोबाइल काढून नंबर सांगितला. तिनं तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला लिहून घेतला, मोठ्या, तिरक्या आकड्यांत.

गाडीनं मायणी मागं टाकली. दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं माळरान होतं. विट्याच्या अलीकडं कृष्णातनं गाडीचा वेग कमी केला.

"वाचायची काय गरज हुती?"

चांदसाहेब खिडकीबाहेर बघत होता.

"पैशाचं न्हाई वो," कृष्णात म्हणाला. "निम्मं तिचं म्हणता तर निम्मं घिऊ दे. पर आता ती घरला यायची न्हाई. आली तर पाव्हण्यागत यील. हे नगं हुतं मला."

"ती कायच बोलली न्हाई तसं."

"मला ठावं हाय ती."

"मग तुमी जावा तिच्याकडं," चांदसाहेब म्हणाला. "कागद न घेता जावा."

मघापासून स्टेअरिंगवर गच्च आवळलेली कृष्णातची बोटं थोडी सैल झाली.

दिवस कलायला आला तेव्हा कृष्णातनं त्याला कवठ्याच्या स्टँडासमोर उतरवलं. "उद्या बोलू," एवढंच म्हणून तो गेला. चांदसाहेब गाळ्यांपुढं उभा राहिला. मोबाइलचं दुकान, झेरॉक्स, खताचं दुकान आणि पहिला त्याचा स्वतःचा. समोर मिरजेची गाडी लागली होती. कंडक्टर खाली उभा राहून ओरडत होता आणि बाया पिशव्या सावरत चढत होत्या. त्यातल्या एकीनं खिडकीजवळची जागा धरली आणि काच वर ढकलायला लागली. काच अडकली होती. तिनं दोन-तीनदा जोर लावला. चांदसाहेब रस्ता ओलांडून गेला, खालून हात लावून त्यानं ती काच वर सारली. ती बाई, "व्हय, झालं," म्हणाली. त्यानं मान हलवली आणि तो तिथंच उभा राहिला. गाडी निघून गेली, धूर खाली बसला, तरी त्याला दिसत नव्हतं. मग त्याच्या ध्यानात आलं की वाचायला चढवलेला चष्मा अजून डोळ्यांवरच आहे आणि तो ओला झालाय.

शर्टाच्या टोकानं चष्मा पुसायला त्याला बराच वेळ लागला. रसवंतीवाल्यानं हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही. त्यानं मोबाइल काढला आणि अर्फाला, जन्नतच्या पोरीला, फोन लावला. पलीकडं शिवणयंत्राची घरघर चालू होती. ती थांबली.

"मामू? काय झालं? आवाज असा का येतोय तुमचा?"

"काय न्हाई. सोमवारी कवठ्याला ये. आधार कार्ड घिऊन ये."

"कशाला?"

"स्टँडासमोरच्या जागेचा कागद करायचाय."

"बरं," अर्फा म्हणाली. "कुठं सही करायची ते दावा, करीन. त्यात काय."

"सही मला करायचीया," चांदसाहेब म्हणाला. "तू आधी वाचायला ये. पहिल्यापास्नं वाच. न्हाई कळलं तर इचार, दोन-दोनदा इचार."

पलीकडं यंत्र सुरू झालं नाही. चांदसाहेब मोबाइल कानाला लावून उभा राहिला.

"किती वाजता येऊ?" मग अर्फानं विचारलं.