शून्य धरलेला ट्रक

माझ्या तोंडाला कुलूप नाही आणि ताईला अर्धं ऐकून पळायची सवय. आम्ही दोघांनी मिळून पूल घालवला.

आमचं बांधकाम खातं रस्त्यात मुठीएवढं यंत्र पुरतं. वरून गाडी गेली की तिच्या लोखंडाने तिथलं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि यंत्र एक आकडा वाढवतं. जुन्या पुलाच्या तोंडाशी मी ते पुरलं. सात दिवस रोज सरासरी दोनशे गाड्या भरल्या तर दुरुस्ती, नाहीतर पूल कायमचा बंद. पुलाला लागूनच ताईचं पंक्चरचं दुकान. दाजी गेल्यापासून ती एकटीच चालवते.

"एवढंसं डबडं काय मोजणार रे?" ताईने विचारलं होतं.

"लोखंड ओळखतं ते," मी शेखी मिरवली आणि घाईत निघालो.

आठव्या दिवशी आकडे काढायला गेलो, तर यंत्रावर दाजींचा बंद पडलेला ट्रक उभा. पहिल्या दुपारपर्यंत एकशे एक्केचाळीस, पुढे सगळं शून्य. गाड्या ट्रकला वळसा घालून कडेने जात होत्या.

"चार माणसं लावून ढकलत आणला," ताईचा चेहरा फुलला होता. "इतकं लोखंड, सात दिवस! आकडा चांगला फुगला असेल ना, बाळ्या?"

मला तिचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"ताई, ते बदल मोजतं गं. उभ्या गाडीला थोड्या वेळाने रस्ताच समजतं. तिलाच शून्य धरतं."

"म्हणजे एकदाही मोजला नाही?"

"मोजला. आला तेव्हा."

साहेबांना फोन करून पुन्हा मोजणीसाठी गयावया केली. "कारण काय लिहू? तुझ्या बहिणीने यंत्रावर ट्रक लावला?" ते म्हणाले. "कागद आजच पुढे जातायत."

मी फोन ठेवला. ताई भांडली नाही, तिने भांडायला हवं होतं. तिने त्याच चार माणसांना हाक मारली आणि स्वतःही खांदा लावला. ट्रक करकरत मागे सरकला. यंत्राला जोडलेला माझा लॅपटॉप टुंग वाजला आणि एक आकडा वाढला.

आवाज ऐकून ताई धापा टाकत आली. "कोणाला मोजलं रे आता?"

"आपलाच ट्रक," मी म्हणालो. "गेला म्हणून."