दोन नंबरच्या चेंबरचा ताप

आमचा मशीनवाला नवलसिंग खाली बघत बोलू लागला की समजायचं, काहीतरी मोडलंय. मोटार जळाली तेव्हा तो असाच आपल्या चपलांशी बोलला होता. या वेळी तो कोल्ड स्टोरेजच्या दारात उभा होता, बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन होतं आणि तो चपलांच्याही खाली कुठेतरी बघत होता.

"भाऊ, एक सांगानं व्हतं. तुम्ही रागावशात."

"सांग."

"मी आखाजी करीसन उनू ना, तवय दोन नंबरना काटा चारवर व्हता."

मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा चारच म्हणाला.

दोन नंबरच्या चेंबरमध्ये वेफर्सच्या कंपनीचा बटाटा होता, चार हजार पोती. भाजीचा बटाटा एक नंबरात चार डिग्रीवर सुखाने झोपतो. वेफरचा बटाटा मात्र नाजूक प्रकृतीचा, त्याला दहा लागतात. त्याच्याखाली गारठला की त्याच्यात साखर होते आणि साखरेचा बटाटा तेलात पडला की काळा पडतो. कंपनीचे भरत साहेब उद्या सकाळी येऊन, नमुना काढून, आमच्याच स्वयंपाकघरात तळून बघणार होते. काळा निघाला तर माल आमचा, करार दुसऱ्याचा. आणि आमच्या साठ एकर बटाट्याला त्या एका कराराशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

"किती दिवस चारवर होता?"

"मी पंधरा दिवस गावले व्हतू. पोरगीनं लगन व्हतं ना. उनू तवय मंग हळूहळू दहावर लयी गऊ."

"आणि सांगितलं का नाही?"

"भेव वाटनं."

"कोणाचं?"

"बठास्नं," नवलसिंग म्हणाला. सगळ्यांचं. काटा कोणी फिरवला ते मी विचारलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदारापासून हमालापर्यंत सगळे आपापल्या गावी जातात. कोल्डवर मागे राहतात ते फक्त माझे वडील.

आमच्या घरात भीती वडिलोपार्जित आहे. सातबाऱ्यावर तिची नोंद नाही, एवढंच. आजोबा रेवजी तापीच्या पुराला भ्यायचे. पावसाळ्यात पेरलेलं नदी कधी नेईल याचा नेम नाही, म्हणून त्यांनी गुजरातेतल्या डीसाहून चार पोती बेणं आणून हिवाळ्यात काठाच्या गाळात बटाटा लावला. गावाने त्यांना वेडं ठरवलं आणि पुढच्या वर्षी त्यांच्याकडेच बेणं मागितलं. बापू, म्हणजे माझे वडील शांतीलाल, व्यापाऱ्याला भ्यायचे. सगळ्यांचा बटाटा एकाच आठवड्यात निघतो आणि व्यापारी नाक वर करून फिरतो, म्हणून त्यांनी कडुलिंबाखाली वाळूवर ढीग घालून माल धरून ठेवायला सुरुवात केली. एका उन्हाळ्यात तो ढीग आतून सडला. बापू त्या वासाबद्दल बोलत नाहीत. जेवताना कोणी विषय काढला तर ताटावरून उठतात. मी लोणखेड्याला बी.एस्सी. झालो, म्हणजे माझ्या भीतीला शास्त्रीय पाया मिळाला. मी बाजारभावाला भ्यालो, म्हणून कोल्ड स्टोरेज बांधलं आणि कंपनीशी करार केला. लोक म्हणतात, तीन पिढ्यांत काय धंदा वाढवला. आम्ही फक्त पळत होतो. वाटेत धंदा वाढला.

संध्याकाळी मी बापूंजवळ गेलो. ते अंगणात बाजेवर बसून पायाला तेल चोळत होते.

"बापू, आखाजीला दोन नंबरचा काटा तुम्ही फिरवला का?"

"मंग?" त्यांना विषय आवडला. "रोज सकाळे हात लाईसन देखू. एक नंबरना पोतं ठंडं, दोन नंबरना गरम. ताप उना व्हता त्याले. दहा डिग्रीमा तं माणूस बी सडी जाई."

"पण तापमानाच्या वहीत तर रोज दहाच लिहिलंय. मी तीच बघत होतो."

"वहीमा दहा लिखानं, असं नवलसिंग सांगी गयथा. मी दहा लिखं."

त्यांच्या आवाजात लबाडीचा लवलेश नव्हता. वही कंपनीसाठी असते आणि थंडी बटाट्यासाठी; दोघांना आपापलं मिळालं होतं. सरकारी कागदांशी साठ वर्षं व्यवहार केलेल्या माणसाला याच्यात काही वावगं दिसण्याचं कारण नव्हतं.

"मी ऱ्हातू नही तं बठा माल सडी जाता," ते म्हणाले.

मी म्हणालो, "बरं केलं." आणि घरात येऊन माठाजवळ दोन पेले पाणी प्यायलो.

सकाळी भरत साहेब वेळेवर आले. मला वक्तशीर माणसांची नेहमीच भीती वाटते. नवलसिंगने नमुन्याचे बटाटे आणले, साहेबांनी पातळ काप केले, पुसले. कढई माझ्या बायकोच्या, दामिनीच्या ताब्यात होती. तिला मी सगळं सांगितलं होतं.

"भ्यानं तुम्ही बापलेकस्नी," ती माझ्या कानाशी पुटपुटली, "आनि कढई धरानी मी."

काप तेलात पडले. आधी पांढरे, मग पिवळे. पिवळ्यावर थांबावेत म्हणून मी तापीकाठच्या सगळ्या देवळांना मनातल्या मनात एक चक्कर मारली. काप थांबले नाहीत. कडा तांबूस झाल्या, मग मध्यभाग, मग झाऱ्यावर आले ते गुळाच्या रंगाचे.

साहेबांनी रंगाचं कार्ड काढलं. आमच्या कापांसारखा रंग त्या कार्डावर नव्हताच; कार्ड त्या रंगाच्या अलीकडेच संपत होतं.

तेवढ्यात बापू आत आले. ताटलीतला एक काप उचलून तोंडात टाकला. "गोड शे," ते साहेबांना म्हणाले. "चांगला शे. आमना बटाटा पयलेपासून गोडच ऱ्हास."

साहेब भले गृहस्थ. "हो काका," म्हणाले आणि मला बाहेर घेऊन गेले.

"साखर चढलीय. हा माल मी उचलू शकत नाही."

"काही उपाय?"

"चेंबर अठरा डिग्रीवर न्या. तीन आठवडे ठेवा. साखर उतरते, बऱ्याचदा. पण तेवढ्या उबेत एखादा बटाटा नासला तर शेजारच्याला घेऊन जातो, आणि चार हजार पोत्यांत तो कुठे आहे ते यंत्राला कळत नाही. जमवा नाहीतर भाजीला विका. मी बावीस दिवसांनी येतो."

गोड बटाट्याची भाजी चार हजार पोती कोण खाणार, हे मी त्यांना विचारलं नाही. मला पुढचं दिसत होतं. दहा डिग्रीला ताप म्हणणारे बापू अठरा डिग्री बघतील, आणि रोज पहाटे, माझ्या आधी, चेंबरमध्ये जातील.

"कुलूप बदला," दामिनी म्हणाली.

"बापूंना कोल्डबाहेर ठेवायचं?"

"मंग त्यास्ले सांगा."

मी शहाद्याला जाऊन कुलूप आणलं. वडिलांना खरं सांगण्यापेक्षा उन्हात चाळीस मिनिटं मोटारसायकल हाकणं सोपं होतं. परत आलो तर बापू ओट्यावरच होते. पिशवी पारदर्शक निघाली. हल्ली दुकानदार पिशव्यांबाबत फार बेपर्वा झालेत.

"कुलूप कोनासाठे?"

मी खोटं शोधत होतो. सुचलंही होतं, दोन-तीन होती. पण त्या पिशवीसमोर एकही टिकेना.

"तुमच्यासाठी, बापू," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं: चार डिग्री, साखर, काळे काप, अठरा डिग्री, बावीस दिवस. बोलताना मी त्यांच्याकडे नाही, चपलांकडे बघत होतो.

बापूंनी दोन्ही हात धोतराला पुसले.

"म्हंजे मीच बिघाडं."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तू काल 'बरं केलं' म्हने."

"भ्यालो होतो."

त्यांनी मान डोलावली. आमच्या घरात हे कारण कोणी खोडून काढत नाही. मला वाटलं आता ते उठून आत जातील आणि कोल्डकडे पुन्हा फिरकणार नाहीत, आणि त्याचीही मला भीती वाटली.

"सडेल बटाटा कसा वळखशात तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"वासावरून. पण वास येईपर्यंत..."

"तुमले येस तवय उशीर व्हई जास," बापू म्हणाले. "माले आधी येस."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते दोन नंबरात शिरले. कडुलिंबाखालच्या ढिगाचा वास ज्यांना ताटावरून उठवत होता, ते तोच वास शोधत पोत्यांच्या ओळींमधून फिरू लागले, एक हात पोत्यांवर, तोंड जरासं उघडं. मी आणि नवलसिंग मागे. कधी ते नुसते दम खायला थांबत. कधी बोट दाखवत: "हाई काढ." आम्ही वरची सात पोती उतरवून ते पोतं फोडायचो. पहिल्या आठवड्यात तीन पोत्यांत प्रत्येकी एक-दोन बटाटे मऊ लागले. चौथ्या पोत्यात काहीच सापडलं नाही. "परत देख," बापू म्हणाले. तळाशी एक होता, लिंबाएवढा, बोट लावलं की आत जाणारा.

मला बावीस दिवसांत एकदाही बापूंच्या आधी वास आला नाही. रोज दुपारी दामिनी पाच काप तळायची आणि मी ते खिडकीच्या उजेडात धरायचो. दहाव्या दिवशी गूळ जरा उजळला. चौदाव्या दिवशी पुन्हा काळा. त्या रात्री मी जेवलो नाही. दामिनी म्हणाली, बटाटा दुसऱ्या थप्पीचा होता. तिने नक्की बघितलं होतं का, हे मी विचारायचं टाळलं.

बाविसाव्या दिवशी साहेब वेळेवर आले. पाच थप्प्यांमधून नमुना काढला. काप पिवळ्यावर आले आणि थांबले. एकाला कडेने तांबूस रेघ होती. साहेबांनी तो काप कार्डावर इकडे ठेवला, तिकडे ठेवला. बापू दाराबाहेर उभे होते. ताटलीकडे आले नाहीत.

"चालेल," साहेब म्हणाले. "मागची थप्पी सोडून. उद्यापासून ट्रक पाठवतो."

मी बाहेर आलो. "पास, बापू. मागची थप्पी सोडून."

"मंग काटा खाले आन आते," ते म्हणाले. "किती ते तू देख."

"चला ना, तुम्हीही या."

"नको," बापू म्हणाले. "बावीस दिवस व्हतू मी तठे. रोज वाटे, आज बठं सडी जाई. आते माले आत जावाले सांगू नको." आणि भर दुपारच्या उन्हात टोपीही न घालता घराकडे चालू लागले. मी नवलसिंगला त्यांच्यामागे छत्री घेऊन पाठवलं आणि एकटाच काट्यापाशी गेलो.