शून्यावर येणारी सायकल

मी बोलतेय, आतल्या खोलीतली व्यायामाची सायकल. रस्ता जन्मात पाहिला नाही, तरी म्हणायचं सायकलच. त्यातून मी 'स्मार्ट' आहे म्हणे! हा शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझं चाक, सेन्सर, स्क्रीन, सगळं ठणठणीत होतं. या घरातल्या बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना रोज सायकल चालवायला सांगितलं. परगावी नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने मला घरी धाडलं. बाबांनी इथे पायडल मारायचं आणि तिकडे तिच्या फोनवर मिनिटं उमटायची, अशी सोय होती.

पण मला ठेवलं खिडकीच्या कोपऱ्यात आणि प्लग समोरच्या भिंतीला. माझी वायर कशीबशी पोचते, तीही ताणून. बाबांनी वेग घेतला की मी जराशी डुलते, पिन सैल होते आणि स्क्रीन क्षणभर मालवते. घाम गाळून कमावलेली सगळी मिनिटं शून्यावर! एवढाच माझा आजार. कुणी मला वीतभर पुढे सरकवलं तरी मी बरी होईन. पण सांगणार कशी? माझ्या तोंडावर उमटतात फक्त आकडे.

मेकॅनिक यायचा असला की आईंची धांदल उडते. "अहो, त्या पसाऱ्यात परक्या माणसाला कसं न्यायचं? हिला हॉलमध्ये आणू या." मग दोघं मला ढकलत हॉलमध्ये आणतात. तिथे प्लग अगदी शेजारी. वायर सैल, मी खूश. मेकॅनिक बसतो, दणादण पाय मारतो आणि म्हणतो, "काकू, सायकल एकदम ओके आहे."

तरी काही न करता जायचं कसं, म्हणून त्याने आधी सेन्सर बदलला, पुढच्या खेपेला स्क्रीन, नंतर आतलं सर्किट. धडधाकट अवयव काढले हो माझे! त्याची पाठ वळली की मी पुन्हा कोपऱ्यात, आणि पुन्हा शून्य.

एकदा मुलीचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"बाबा, आजही शून्य?"

"अगं, चालवली मी. आईला विचार."

"आई तुमचीच बाजू घेणार. मेकॅनिक म्हणतो सायकल चांगली आहे. मग खोटं कोण बोलतंय?"

बाबांनी फोन आईंच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे फिरकले नाहीत. त्यानंतरही नाहीत. माझ्या हँडलवर टॉवेल वाळू लागले. जिना चढताना बाबा मध्येच थांबायचे, त्यांची धाप मला खोलीत ऐकू यायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. बिघाड माझा, आणि खोटारडा ठरला तो भला माणूस!

परवा मुलगी रजा घेऊन आली. आल्या आल्या टॉवेल बाजूला फेकले आणि स्वतःच माझ्यावर बसली. चांगली घामाघूम होईपर्यंत मला चालवलं. मग तिने फोन पाहिला. त्यावर निरोप होता, 'आज तुम्ही व्यायाम केलेला नाही.'

दारात बाबा उभे होते.

"चालवलीस?"

"चालवली ना! हे बघा, केवढा घाम आलाय."

"मला कशाला दाखवतेस?" बाबा म्हणाले. "माझा विश्वास आहे तुझ्यावर."

ती खाली उतरली. "चुकलं माझं, बाबा," म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

थोड्या वेळाने बाबा माझ्यावर बसले. वेग घेतला आणि माझी स्क्रीन मालवली. सवयीने ते वाकून बघू लागले, तर तिने स्क्रीनवर हात ठेवला. "तिकडे नका बघू. मी बसलेय ना इथे."

माझी वायर अजून ताणलेलीच आहे. कुणीतरी मला पुढे सरकवा हो, हात जोडून सांगते. पण आत्ता लगेच नको. आधी बाबांचं चालवून होऊ द्या.