शेवटचा बदल

दानारच्या मतांचे तीन खण होते: प्रोग्रॅमिंग, ऑनलाइन गेम आणि राजकारण. ब्लॉगच्या डाव्या बाजूला तसे तीन शब्दच त्याने लावून ठेवले होते, आणि आठवड्यातून एकदा तरी त्यांपैकी एका खणात तो काहीतरी टाकत असे. स्वतःचं नाव मात्र कुठेच नव्हतं. तो लिहायचा 'तोकेक' या नावाने. तोकेक म्हणजे छताखालची मोठी पाल. दिसत नाही, पण ओरडली की सगळ्या घराला ऐकू जाते. वाचक दोन-अडीचशे. त्यांतले निम्मे त्याच्यासारखेच घरी बसून दूरच्या कंपन्यांची कामं करणारे, उरलेले गेममधले सोबती. सालातिगा शहरातल्या त्या गल्लीत, ज्या भिंतीआड बसून तो लिहायचा तिच्या पलीकडच्या शेजाऱ्यालाही तोकेक कोण हे माहीत नव्हतं. बायकोला माहीत होतं, पण ती वाचत नसे.

गुरुवारी दुपारी दीडला तिचा फोन आला.

"मास, तू तीन नंबरच्या उमेदवाराबद्दल काही लिहिलं आहेस का?"

वेनिंग कामावरून सहसा फोन करत नसे. 'मास' ही तिची नवऱ्याला मारायची नेहमीची हाक. दानारने हातातला टेंपेचा, सोयाबीनच्या वडीचा, तुकडा ताटलीत ठेवला.

"लिहिलंय. मागच्या आठवड्यात. का?"

"त्याच्याखाली माझं नाव आहे."

"तुझं कसं असेल?"

"ते तू सांगायचं. कोणीतरी तक्रार केलीय. मला उद्या नऊला खुलाशाला बोलावलंय. छापील पान दाखवलं मला. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. 'शेवटचा बदल: वेनिंग प्राबावाती, रविवार.'" ती एकेक शब्द सुटा करून बोलत होती. "सोमवारी शपथ आहे, मास."

एवढं बोलून तिने फोन ठेवला, कारण लॅबच्या आत फोन नेता येत नसे.

सोमवारच्या शपथेचं दानारला सांगायची गरज नव्हती. जिल्ह्याच्या पाणी-तपासणी लॅबमध्ये वेनिंगचं प्रोबेशनचं वर्ष संपत आलं होतं. शपथ झाली की कायम. साडेतीन हजार जणांच्या परीक्षेतून निवडलेल्या बत्तीस जणांत ती होती, तीही तिसऱ्या प्रयत्नात. आणि महापौरपदाची निवडणूक तोंडावर होती. या दिवसांत सरकारी माणसाने कोणाची बाजू घेतलेली चालत नाही. फोटोत बोटसुद्धा वर करत नाहीत. एक बोट म्हणजे एक नंबर, दोन म्हणजे दोन. परवाच लॅबचा फोटो निघाला तेव्हा चौदा जणांनी चौदा मुठी आवळल्या होत्या. "मारामारीला निघाल्यासारख्या दिसता," असं दानार म्हणालाही होता.

पान उघडल्यावर त्याला दोन मिनिटांत सगळं कळलं. ब्लॉगच्या प्रत्येक बदलाची नोंद आपोआप होत असे: कोणी केला, केव्हा केला, कोणता शब्द काढला, कोणता घातला. त्या नोंदीतलं शेवटचं नाव पानाच्या तळाशी उमटावं, ही सोय त्याने स्वतःच हौसेने करून घेतली होती. नेहमी तिथे 'तोकेक' उमटे. पण गेल्या रविवारी त्याचा लॅपटॉप पडदा बदलायला दुकानात होता, आणि 'आश्वासन' हा शब्द चुकल्याचं एका वाचकाने कळवलं होतं. तेवढाच एक शब्द त्याने वेनिंगच्या लॅपटॉपवरून दुरुस्त केला. त्या यंत्रात तिचं नाव होतं. दोन वर्षांपूर्वी ती जंतूंची संख्या मोजायचा छोटा प्रोग्रॅम लिहायला शिकत होती, तेव्हा त्यानेच ते भरलं होतं. पूर्ण नाव, नीट, मोठ्या अक्षराने सुरू होणारं.

त्याने तोगारला फोन लावला. तोगार दूरच्या मेदान शहरातला, गेममधल्या त्यांच्या संघाचा म्होरक्या. पाच वर्षांची ओळख, पण प्रत्यक्ष भेट कधीच नाही. तोकेक कोण हे ठाऊक असलेला तो तिसरा माणूस.

"मग पुस की, लाए," तोगार म्हणाला. लाए म्हणजे त्याच्याकडचं 'दोस्ता'. त्याचा आवाज नेहमीच शेतापलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखा असे. "नोंद मागे घे. नाव गेलं, विषय गेला."

"छापील प्रत आहे त्यांच्याकडे."

"कागद काय, कोणीही बनवतं. खरं पान काय म्हणतं ते बघतील." मग तो हसला. "की लेखक महाशयांचं तत्त्व आड येतंय? मागे गेमवाल्यांनी चार तासांचा खेळ मागे फिरवला, आपण मारलेला ड्रॅगन जिवंत केला, तेव्हा केवढं रामायण लिहिलं होतंस. चूक सुधारा, पण झालेलं झालंच नाही म्हणू नका. मी पाठ केलंय ते."

"ते वेगळं होतं."

"हो, ड्रॅगन माझा होता. बायको तुझी आहे. पुस."

खरं तर तिन्ही खणांत दानारने एकच गोष्ट लिहिली होती. प्रोग्रॅमिंगच्या खणात: सगळ्यांच्या सामायिक नोंदी मागाहून बदलणाऱ्याला संघातून काढावं. गेमच्या खणात ड्रॅगन. आणि राजकारणाच्या खणात हा लेख: तीन नंबरच्या उमेदवाराने बाजार हलवणार नाही असं सांगणारा आपला जुना व्हिडिओ गुपचूप काढून टाकला, आणि जो आपलं बोलणं पुसतो तो उद्या शहराचं दप्तरही पुसेल. या शेवटच्या वाक्यावर दानार खूश होता. आता ते डोळ्यांसमोर होतं, आणि त्याच्या खाली त्याच्या बायकोचं नाव होतं.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्याने नोंद पुसली. काम चार ओळींचं. पान पुन्हा उघडलं; तळाशी 'तोकेक'. त्याने ते सात वेळा उघडून पाहिलं. दुसऱ्या ब्राउझरमधून पाहिलं, फोनवरून पाहिलं.

वेनिंग पाचला आली. हेल्मेट खुंटीला लावून, हातपाय धुऊन ती त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"दाखव."

त्याने दाखवलं. "काढलं मी. काही राहिलेलं नाही."

ती पडद्याजवळ वाकली. "काढलं म्हणजे? नोंदीतूनच?"

"नोंदीतूनच."

"त्या नोंदीत वेळ होती का?"

"रविवार, चार वाजून बारा मिनिटं. का?"

"रविवारी माझी कामाची पाळी होती," वेनिंग म्हणाली. "पूर आला होता त्या वस्तीतल्या विहिरींचे नमुने. चार वाजून पाच मिनिटांपासून चार चाळीसपर्यंत मी आत जंतू मोजत होते. रजिस्टरमध्ये माझी सही आहे, वेळेसकट. लॅपटॉप घरी होता. मी तो बदल केला नाही, हे सांगणारी ती एकच गोष्ट होती, मास. ते छापील पान फक्त वार सांगतं. वेळ तू पुसलीस."

दानार उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

"परत आणता येते," तो म्हणाला. "माझ्या यंत्रात जुनी प्रत पडलेली असते काही दिवस."

"आण."

त्याने आणली. अर्ध्या तासाचं काम, पण प्रत्येक पायरी दोनदा तपासली म्हणून पाऊण तास लागला. चार वाजून बारा मिनिटं परत जागेवर आली. पण ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ब्लॉग ठेवला होता तिथे आता एक नवी ओळही दिसत होती: गुरुवार, १४:४०, नोंदींचा इतिहास बदलला. ती ओळ त्याच्या हातात नव्हती. वेनिंगने विचारलं तेव्हा त्याने तसं सांगून टाकलं.

"म्हणजे मला बोलावणं आल्यावर तासाभराने कोणीतरी पुसापुशी केली, असं दिसणार."

"शोधलं तर दिसेल. शोधणार कोण? शंभरात एक."

"तक्रार करणाऱ्याने पानाच्या तळाची बारीक ओळ वाचली होती," ती म्हणाली. "आमच्याकडे आकडा चुकला तर त्याच्यावर एक रेघ मारतात. आतला आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी सही. व्हाइटनरची बाटली लॅबमध्ये आणायलाही बंदी आहे. मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं." ती रागाने बोलत नव्हती, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. "उद्या तू माझ्याबरोबर येतोस. तुझ्या नावाने."

शुक्रवारी नऊला ते कार्यालयात हजर होते. आत बोलावलं तेव्हा पावणेअकरा वाजले होते. बाकावर दोघांमध्ये एक माणूस बसेल एवढं अंतर होतं. दानार मनातल्या मनात वाक्यं लावत होता आणि मोडत होता.

चौकशी करणारे पाक हार्तोयो साठीला टेकलेले, बाटिकच्या नक्षीचा तपकिरी शर्ट घातलेले गृहस्थ होते. पाक म्हणजे साहेब; बाईंना बू म्हणतात. त्यांनी लॅबच्या रजिस्टरची प्रत चष्म्याखालून वाचली, मग दानारने छापून आणलेली नोंद वाचली, मग दोन्ही कागद शेजारी ठेवून पुन्हा वाचले.

"हा तोकेक कोण?"

"मी."

"वय?"

"चौतीस."

"चौतिसाव्या वर्षी पाल," पाक हार्तोयो म्हणाले आणि लिहून घेतलं. "लॅपटॉप बू वेनिंगचा, हात तुमचा. बरोबर? त्यांनी लेख वाचला होता?"

"नाही, पाक," वेनिंग म्हणाली. "अजूनही पूर्ण वाचलेला नाही."

"मी वाचला. लांब आहे." त्यांनी दानारकडे पाहिलं. "तुम्ही सरकारी नोकर नाही. तुम्हाला मत असू शकतं. फक्त ते स्वतःच्या यंत्रावर ठेवा."

मग त्यांनी निवेदन तयार करायला घेतलं. दोन बोटांनी टंकत ते एकेक वाक्य मोठ्याने म्हणत होते. बदल मी, दानार विराताना, केला. पत्नीला कल्पना नव्हती. वेळ अमुक. खाली दहा हजार रुपियांचा मुद्रांक चिकटवायचा, सही अर्धी कागदावर, अर्धी मुद्रांकावर. साक्षीदार म्हणून बू वेनिंग. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर लोक शुक्रवारच्या नमाजासाठी आवराआवर करू लागले होते.

"झालं. छापतो. दोन सह्या आणि फाईल बंद. सोमवारच्या यादीला धक्का नाही."

दानारने खुर्चीला पाठ टेकली, आणि त्याच क्षणी त्याने वेनिंगकडे पाहिलं. तिने पर्समधून पेन काढलं होतं, पण टोपण उघडलं नव्हतं. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. काल रात्री जेवण वाढताना ती एकच वाक्य बोलली होती: विचारलं नाही तरी सांगायचं. तो 'हो' म्हणाला होता. आता मात्र त्याला वाटलं, कोण बघणार? शंभरात एक. टोपण अजूनही उघडलं नव्हतं.

"पाक, एक राहिलं," तो म्हणाला. "काल दुपारी मी ती नोंद पुसली होती. घाबरून. संध्याकाळी परत आणली."

पाक हार्तोयोंनी चष्मा काढला. "हे तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"नाही."

"मग?"

"बघितलं तर दिसतं. आज नाही तर पुढे कधी."

"असं बघा," पाक हार्तोयो सावकाश म्हणाले. "हे वाक्य घातलं तर फाईल माझ्याकडे बंद होत नाही. पुराव्याशी छेडछाड म्हटली की समिती. समिती बुधवारी बसते. शपथ सोमवारी. अजून कागद छापलेला नाही. घालू की नको?"

निवेदन दानारचं होतं, त्यामुळे वेनिंग काही बोलणार नव्हती, हे त्याला कळत होतं. 'नको' म्हटलं असतं तर तिने सही केली असती की नसती, हे मात्र त्याला कळत नव्हतं, आणि कधी कळणारही नव्हतं. तिचे तीन प्रयत्न, पहाटे उठून सोडवलेल्या प्रश्नपत्रिका, सगळं त्याच्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं.

"घाला," तो म्हणाला. आवाज इतका बारीक आला की पाक हार्तोयोंनी हात कानामागे नेला. त्याला पुन्हा सांगावं लागलं. "घाला, पाक."

वेनिंगने टोपण उघडलं.

जिना उतरल्यावर तिने हेल्मेट घातलं आणि गाडीवर मागे बसली. वाटेत त्याने विचारलं, "रागावलीस?"

"हो," ती म्हणाली. "पण यासाठी नाही. कालच्यासाठी."

सोमवारी एकतीस जणांनी सभागृहात शपथ घेतली. वेनिंग नेहमीच्या वेळेला लॅबमध्ये गेली. बुधवारी दानारचं कामात लक्ष नव्हतं. कंपनीची बैठक त्याने आवाज बंद ठेवूनच ऐकली, आणि ती संपल्यावर काय ठरलं ते त्याला सांगता आलं नसतं. तोगारचे चार संदेश येऊन पडले होते. एकही उघडला नाही. फोन उपडा ठेवला, सुलटा केला, पुन्हा उपडा ठेवला. साडेतीनला तो वाजला.

"झालं," वेनिंग म्हणाली. मागे गाड्यांचे आवाज येत होते. ती रस्त्यावर उभी असावी. "पुढची तुकडी. तीन महिन्यांनी."

"म्हणजे नोकरी गेली नाही."

"गेली नाही."

त्याला खाली बसावंसं वाटलं, आणि मग लक्षात आलं की तो बसलेलाच आहे. "आणि शेरा? शेरा दिला का?"

"माझ्यावर नाही. तुझ्यावर दिलाय. नोंद पुसली म्हणून. पण तू त्यांचा नोकर नाहीस, तुझी फाईल नाही. कुठे लावायचा यावर अर्धा तास चर्चा झाली."

"मग?"

"माझ्या फाईलमध्ये लावला. शेवटी, वेगळं पान करून. तुझं पूर्ण नाव आहे."

दानारने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतोयस ना?"

"हो."

"मग ठेवते. लॅबमध्ये लोक थांबलेत."