फाडलेल्या पानाची शिवण

"इथलं पान कुठे गेलं गं?" वहीच्या मधल्या दोऱ्यावरून बोट फिरवत ताईने विचारलं.

धाकटीने चष्मा पुसायला घेतला. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची बावीस वर्षं झाली होती, आणि तिच्या आलेखवहीत आजवर कुणाला खोट सापडली नव्हती. एका पानावर एक कंपनी. आडव्या रेषेवर वर्षं, उभ्या रेषेवर दर शेअरमागे मिळालेला लाभांश. दहा वर्षं ठिपके न चुकता थोडे थोडे वर चढले असतील, तरच ती त्या कंपनीचं पुढचं काही बघायची.

"गळून पडलं असेल."

"चाळीस वर्षं शिवतेय मी. गळलेलं आणि ओढून काढलेलं कळतं मला. समोरचं पानही सैल झालंय बघ."

शिलाई मशीनवर चिंध्यांशेजारी बँकेचा कागद पडला होता. भाऊजींच्या पश्चात त्यांच्या कारखान्याकडून आलेली रक्कम, ताईची एवढीच पुंजी.

"पोरगा म्हणतो, पाइपवाली कंपनी घे. शंभराच्या शेअरमागे बारा देते. तुझी साबणवाली देते तीन. मावशी अजून टेस्टट्यूबमधूनच जग बघते, म्हणतो."

"बघू दे म्हणावं मावशीला."

"थट्टेवारी नेऊ नकोस. सुईत दोरा ओवायला आता तीनतीनदा बघावं लागतं. आणखी चार-पाच वर्षं ओढेन. पुढे महिन्याच्या महिन्याला पोरापुढे हात पसरायचा नाही मला. बारा सोडून तीन का घेऊ, ते सांग."

आकडे मांडून सांगता आलं असतं. धाकटीने पर्सच्या आतल्या कप्प्यातून चार घड्यांचा कागद काढला.

"हे घे तुझं पान. कापड गिरणी. हीपण शंभराला बारा देत होती."

शेवटचा ठिपका थेट तळाच्या रेषेवर होता.

"किती गेले?"

"वर्षाचा पगार."

"आणि बोलली नाहीस?"

"कोणत्या तोंडाने? सगळे मला विचारून पैसे गुंतवतात." तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "खारं पाणी उन्हात ठेवलं की आटतं, उरलेलं जास्त खारट लागतं. मीठ वाढलेलं नसतं, पाणी कमी झालेलं असतं. कामावर नव्या मुलींना मीच शिकवते हे. गिरणी आधीपासून सहाच देत होती. शेअर शंभराचा पन्नासावर आला, म्हणून तेच सहा शंभराला बारा दिसले. ठिपके चढत नव्हते, तरी माझाच नियम मोडून मी मिठाकडे बघत बसले."

"आणि पाइपवाली?"

"तेच. शिवाय कमावते त्याहून जास्त वाटून टाकते."

"म्हणजे माया न ठेवता बेतलेला फ्रॉक," ताई म्हणाली. "आत चार बोटं दुमडलेलं नसेल, तर पोर वाढल्यावर सोडणार काय?"

"साबणवाली निम्मी कमाई आत ठेवते. अकरा वर्षं दरवर्षी थोडं थोडं जास्त सोडतेय. पण तिच्या एकटीवर नको. औषधवाली, वजनकाटेवाली, अशा आठ-दहा घेऊ. त्यातलीही एखादी बुडू शकते, ताई."

"आता कशी खरी बोललीस."

फोन वाजला. पोरगाच होता. ताईने तो मानेत धरला.

"नको रे तुझी पाइपवाली. मावशीने पाणी तपासलंय... हो, टेस्टट्यूबमधूनच!"

फोन ठेवून तिने सुई उजेडाकडे धरली. दुसऱ्या खेपेला दोरा आत गेला. चार घड्यांचं पान तळहाताने सरळ करून ती ते वहीत टाचू लागली.

"कशाला परत? लाज वाटते गं."

"हे नसलं तर समोरचं पान निघून येईल."

दोरा दाताने तोडून ताईने वहीची पानं उलटली. साबणवालीच्या पानावर अकरा ठिपके उजव्या काठाशी येऊन टेकले होते. तिने एक कोरा कागद घेतला, काठाला काठ जुळवला, आणि पुढच्या वर्षांसाठी तो शिवून दिला.