बिनकोपऱ्याची टाकी

मी एक जुनी काचेची टाकी आहे, मित्रांनो. उंचीने तुमच्या कमरेएवढी आणि अंगाने गोल. मला एकही कोपरा नाही. माझ्या आयुष्यात जे भलंबुरं घडलं ते या एका गोष्टीमुळे, म्हणून तेवढं आधीच सांगून ठेवते.

मी तयार झाले तेव्हा काचकाराने मला टिचकी मारून पाहिली. मी खणखणीत वाजले. "ही जेलीफिशसाठी," तो समाधानाने म्हणाला. जेलीफिशला चौकोनी टाकी सोसत नाही. तिला मेंदू नाही, हृदय नाही, हाडं नाहीत. अंगात बहुतेक सगळं पाणीच. प्रवाह नेईल तिकडे ती जाते आणि कोपऱ्यात अडकली की तिची नाजूक छत्री घासून फाटते. माझ्यात पाणी हलकेच गोल फिरायचं आणि ती मिटत-उघडत दिवसभर तरंगायची. मत्स्यालयात येणारी माणसं सगळ्यात जास्त वेळ माझ्यासमोर उभी राहायची. मी मनातल्या मनात फुगायचे.

शेजारही नामवंत होता. डावीकडे ऑक्टोपस. त्याला तीन हृदयं आणि निळं रक्त. अंगात एकही हाड नसल्यामुळे तो झाकणाच्या बोटभर फटीतून निसटायचा आणि पाणीकाकांना फरशीवर सापडायचा. पाणीकाका म्हणजे आमचं पाणी बदलणारे, आम्हाला खाऊपिऊ घालणारे काका. उजवीकडे तारामासे. हात तुटला तर नवा उगवणारे आणि शिंपला जरासा उघडून त्यात आपलं जठरच सरकवून जेवणारे! भिंतीवर देवमाशाची एक फासळी टांगलेली होती, दाराच्या चौकटीहून उंच.

एकदा पेंटर नवा फलक लिहायला आला. मत्स्यालय सांभाळणाऱ्या मॅडम तेव्हा बाहेरगावी होत्या. त्याने नावं वाचली आणि आपल्या बुद्धीने वाटणी केली. 'मासे' या शब्दाखाली देवमासा, तारामासा आणि जेलीफिश. 'इतर प्राणी' याखाली ऑक्टोपस आणि समुद्रघोडा.

मॅडम परतल्या, फलक पाहिला आणि त्यांना हसू आवरेना. "अहो पेंटर, पहिल्या रांगेत एकही मासा नाही! देवमासा हवेत श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. तारामाशाला कणा नाही, कल्ले नाहीत. आणि समुद्रघोड्याला कणा, कल्ले, पर, सगळं आहे. जो एकटा खरा मासा होता, त्यालाच तुम्ही बाहेर काढलंत."

"मॅडम, त्याच्या नावातच घोडा आहे हो," पेंटर म्हणाला. "घोड्याला माशांत बसवलं तर लोक मला गाढव म्हणतील."

"मग बघू" म्हणता म्हणता फलक तसाच राहिला.

पुढे भिंतभर लांबीची नवी टाकी आली. तिला जोरदार पंप, झगझगीत दिवे. माझी शेवटची जेलीफिश म्हातारी होऊन गेली आणि मला मागच्या सामानाच्या खोलीत नेलं. कोपरा नसलेल्या मला कोपऱ्यात उभं केलं! माझ्यात झाडू, पोछे आणि रिकाम्या बाटल्या आल्या. काचेवर पांढरे डाग चढले. उघड्या दारातून मला नव्या टाकीची मागची बाजू तेवढी दिसायची.

त्या टाकीत समुद्रघोड्यांची जोडी होती. काकांनी एकाला सूनबाई आणि दुसऱ्याला जावईबापू अशी नावं ठेवली होती. एके दिवशी ते धावतच आले. "मॅडम, सूनबाईला दिवस गेलेत! पोट बघा कसं टम्म झालंय."

मॅडमनी वाकून पाहिलं. "काका, ही सूनबाई नाही, हेच जावईबापू आहेत. समुद्रघोड्यांत मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते. पुढचं सगळं बाळंतपण त्याचं."

"म्हणजे इतके दिवस मी जावयाला सूनबाई म्हणत होतो?" काकांनी कपाळावर हात मारला. "तरीच बिचारा माझ्याकडे कधी वळून बघत नव्हता!"

पण त्या हसण्याचं पुढे रडू झालं. पिल्लं जन्मली आणि पंपाच्या ओढीने भराभरा जाळीकडे खेचली गेली. उरली ती कोपऱ्यांत अडकली. संध्याकाळपर्यंत एकही जगलं नाही. काकांनी त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

काही महिन्यांनी सूनबाईचं पोट पुन्हा दिसू लागलं. हो, नाव तेच राहिलं होतं. या वेळी मत्स्यालयाच्या मोठ्या साहेबांनी बजावलं, "पुन्हा पिल्लं गेली तर ही जोडी दुसऱ्या मत्स्यालयात पाठवून द्या. उगाच जिवांचे हाल नकोत." काकांचा चेहरा उतरला.

"साहेबांचं चूक नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "इथे प्रवाह फार आहे. पिल्लांना संथ फिरणारं पाणी हवं. आणि कोपरे नसलेलं काहीतरी."

दोघे मागच्या खोलीच्या उघड्या दाराशी आले. मग काकांची नजर माझ्यातल्या झाडूंवर पडली, मॅडमची माझ्या गोलाईवर. "अहो काका!" "अहो मॅडम!" दोघे एकदमच ओरडले.

मित्रांनो, त्या दुपारी मला जी आंघोळ मिळाली ती मी विसरणार नाही. काकांनी एकेक डाग घासून काढला. मॅडमनी माझ्या तळाशी बारीक बुडबुड्यांची नळी बसवली. खारं पाणी भरलं आणि ते माझ्यात पुन्हा गोल फिरू लागलं, अगदी पूर्वीसारखं. मग सूनबाईला अलगद आणून सोडलं.

सकाळी दारं उघडण्याआधी ती वेळ आली. सूनबाईने अंग वाकवलं, पिशवीचं तोंड उघडलं, आणि पिल्लांचा फवाराच उडाला! तांदळाच्या दाण्याएवढे घोडे, पण शेपटीपर्यंत पुरेपूर. मॅडमनी सूनबाईला लगेच परत मोठ्या टाकीत हलवलं. पिल्लांना मी फिरवत ठेवलं. कुणाला आपटू दिलं नाही, कुणाला अडकू दिलं नाही.

तरीही काम सोपं नव्हतं. समुद्रघोड्याला जठर नसतं. खाल्लेलं पोटात साठत नाही, म्हणून त्याला दिवसभर खावं लागतं. मॅडम बाटल्यांत कोळंबीच्या नात्यातले इवलेसे जीव वाढवायच्या आणि काका ते थोडे थोडे माझ्यात सोडायचे. "घ्या, पंगत उठायचं नावच नाही!" असं म्हणत पुन्हा बाटली आणायला पळायचे. काही पिल्लं गेली. समुद्रात तर शेकड्यात एखादंच मोठं होतं. पण माझ्यातली पुष्कळ तगली. मॅडमनी सोडलेल्या दोरीला शेपटी गुंडाळून ती ओळीने बसू लागली, तेव्हा साहेब स्वतः गुडघ्यांवर बसून बघत राहिले. "जोडी कुठेही जाणार नाही," ते म्हणाले. काकांनी खिडकीकडे तोंड करून नाक पुसलं.

आता मी मत्स्यालयाच्या मधोमध उभी आहे. माझ्याभोवती मुलांचा गराडा असतो आणि माझी काच त्यांच्या नाकांच्या ठशांनी भरते. पेंटरला पुन्हा बोलावणं गेलं. त्याने मान हलवत समुद्रघोडा 'मासे' खाली लिहिला, देवमासा, तारामासा आणि जेलीफिश यांना 'इतर' मध्ये धाडलं, आणि म्हणाला, "घोडा आत, मासे बाहेर! मॅडम, मला कोणी गाढव म्हटलं तर तुमच्याकडे पाठवीन."

मित्रांनो, समुद्रकिनारी जिवंत तारामासा दिसला तर त्याला पाण्यातच राहू द्या. वाळवलेला समुद्रघोडा शोभेसाठी विकत घेऊ नका. जिवंत असता तर तोही कुणाचा बाप होऊ शकला असता. आणि घरातली एखादी जुनी वस्तू अडगळीत टाकण्याआधी, ती कशासाठी बनली होती, एवढं जरूर विचारा.

काकांनी झाडू ठेवायला नवी बादली आणली आहे. ती चौकोनी आहे.